वणव्याचा पुरावा

परदेशात वनशास्त्र शिकून गडचिरोलीतल्या आपल्या गावी परतलेल्या चैताली कुमरेला वाटलं होतं, वणवा रोखणाऱ्या गावाला सरकारी निधी सगळ्यांत आधी मिळेल. इथे उलटंच निघालं.

मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची गावची जुनी रीत. बायकांनी ती सोडून पाला झाडायला घेतला, तेव्हापासून जंगल जळलं नव्हतं. पण यंदा वणव्याच्या निधीतून झाडण्याची मजुरी मिळाली नाही तर पुन्हा काडी लावू, असं त्या म्हणत होत्या.

निधीसाठी तपासणीला आलेले वनखात्याचे खडतकर साहेब भर ग्रामसभेत हसले. "जळालेलं जंगल दाखवा, मॅडम. पुराव्याशिवाय वणव्याचा निधी कसा द्यायचा?"

चैतालीनं काडेपेटी त्यांच्यापुढे ठेवली. "पाला वाळलाय, वारा सुटलाय. तुमच्याच हातानं पेटवा, साहेब. पुरावा लगेच तयार!"

साहेब दचकून मागे सरले. "भलतंच काय! सगळं जंगल जाईल!"

"मग हेच अहवालात लिहा ना. जंगल जाऊ नये म्हणूनच तर निधी मागतोय."

"लिवा जी, लिवा!" बायका ओरडल्या. साहेबांनी अहवालात तसंच लिहिलं आणि मजुरीला मंजुरी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यापलीकडच्या गावातून धूर उठला; तिथे मोहाखालचा पाला अजून पेटवतच होते. चैतालीनं ठरवलं, आता तिकडच्या बायकांच्या मजुरीसाठीही भांडायचं. आग काही हद्द बघून थांबणार नव्हती.