गिरणीतलं विमान काशीला जातं

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. नाव बाळकोबा. दळण द्यावं तर बाळकोबाकडेच, असं सगळे म्हणत. त्याला काही सांगायचं तर मात्र जरा विचार करून सांगावं, असंही म्हणत. कारण बाळकोबा सांगितलेलं कधी विसरत नसे. एकदा कानात शिरलं की ते तिथेच मुक्कामाला राही. आणि ते कुठे वापरायचं, हे तो आपलं आपण ठरवी.

त्याची सासू अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. जन्मभर तिचा एकच ध्यास, विमानात बसायचं आणि काशीला जायचं. पैसे साठले तेव्हा गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, आता लांबचा प्रवास नाही. म्हातारी पदर तोंडाला लावून रडली. बाळकोबाला ते बघवेना.

"आत्याबाई," तो म्हणाला, "रविवारी या. मी नेतो तुम्हाला काशीला विमानानं."

हे अगदीच हवेतलं बोलणं नव्हतं. त्याच्या मेव्हण्याचं, श्रीरंगचं, नाशकात कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यानं दाजींना एक जुना कॉम्प्युटर दिला होता. त्यात विमान उडवायचा खेळ होता, सोबत धरायला जॉयस्टिक होती. खेळात सगळी पृथ्वी होती, त्यामुळे काशीही होती. म्हातारीला हे नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "चित्रातली तर चित्रातली. गंगामाई दिसली म्हणजे झालं." आणि आपल्या गावी जाऊन तिनं सगळ्या आळीला सांगून टाकलं. आता काशी झाली नाही तर म्हातारीला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

सोमवारी बाळकोबा सरावाला बसला. कॉम्प्युटर गिरणीतच होता. विमान उडालं, पण आपलं आपणच डावीकडे कलायला लागलं. बाळकोबाही खुर्चीत डावीकडे कलला. तरी जमेना. त्यानं श्रीरंगला फोन लावला.

"दाजी, जॉयस्टिकमध्ये पीठ गेलं असणार," श्रीरंग म्हणाला. "फुंकर मारा. काही अडलं की आधी फुंकर मारून बघायची."

"एवढंच ना? आता नाही विसरत."

त्यानं फुंकर मारली. पीठ उडालं, विमान सरळ झालं. बाळकोबा खूश झाला.

मंगळवारी राऊतकाकू बाजरी घेऊन आल्या. दळता दळता गिरणीच्या तोंडाशी पीठ अडलं. बाळकोबा वाकला, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकर मारली. काकू समोरच उभ्या होत्या. घरी गेल्या तेव्हा त्यांच्या नातवानं त्यांना ओळखलं नाही.

"दाजी, गिरणीला फुंकर मारतात का?" फोनवर श्रीरंग म्हणाला. "यंत्र अडलं तर बंद करायचं, दहा आकडे मोजायचे, परत चालू करायचं. माझ्या दुकानात निम्मी दुरुस्ती तेवढ्यावरच होते."

"एवढंच ना? आता नाही विसरत."

बुधवारी विमान चांगलं हजार फुटांवर होतं. इंजिन जरा खोकलं. बाळकोबानं ताबडतोब इंजिन बंद केलं आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. घाई केली नाही. सातला शेत आलं.

"अहो, हवेत कोण बंद करतं?" श्रीरंगचा आवाज चढला. "हवेत असताना काय वाट्टेल ते होऊ दे, हातात धरलंय ते सोडायचं नाही. जमीन लागली, की मग हात काढायचा."

"जमीन लागल्यावर. एवढंच ना?"

गुरुवारी बायकोनं, कलावतीनं, माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढायला सांगितलं. आई येणार, तिला आंघोळीला तेच लागतं. बाळकोबा शिडीवर चढला, घंगाळ दोन्ही हातांनी धरलं.

"द्या इकडे," खालून कलावती म्हणाली.

"देता येत नाही. मी हवेत आहे."

"अहो, द्या म्हणते ना."

"जमीन लागू दे."

तिनं खालून ओढलं. त्यानं वरून धरून ठेवलं. मग जमीन लागली, दोघांनाही, आणि घंगाळालाही. घंगाळाला पोचा आला. बाळकोबानं शब्द पाळला होता, जमिनीवर पडल्यावरच हात काढला.

शुक्रवारी वेगळंच विघ्न आलं. खेळातलं विमान होतं दोन माणसांचं, डासाएवढं. म्हातारीनं निरोप पाठवला होता की विमान मोठं पाहिजे, पांढरं, खूप खिडक्यांचं. श्रीरंगनं तसलं विमान शोधून पाठवलं. बाळकोबानं ते कॉम्प्युटरात घातलं. पण खेळ उघडला की विमानाचा पत्ता नाही.

"पिशवीत पिशवी झालीय, दाजी," श्रीरंगनं समजावलं. "फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर आहे, विमान त्या आतल्यात आहे. खेळाला वरचाच दिसतो. वरचा काढून टाका, आतला तेवढा उचलून आणा."

"वरचं टाकायचं, आतलं आणायचं. आता नाही विसरत."

अर्धा तास खटपट केली आणि पडद्यावर पांढरंशुभ्र विमान उभं राहिलं. दोन्ही बाजूंना खिडक्याच खिडक्या. बाळकोबानं त्या बोट लावून मोजल्या.

रविवारी सकाळी म्हातारी एसटीनं यायची होती. बाळकोबा स्टँडवर गेला. म्हातारी उतरली. मांडीवर भली मोठी पिशवी घेऊन बाकावर टेकली. बाळकोबानं पिशवी उघडली. आत दुसरी पिशवी होती, लाडवांची. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

तो घरी आला. कलावती दारातच भाकरतुकडा घेऊन उभी होती.

"आई कुठाय?"

"वरच्या पिशवीपाशी," बाळकोबा म्हणाला आणि लाडू पुढे केले.

कलावतीनं भाकरतुकडा खाली ठेवला. कपाळावर हात मारला. मग अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "माणसाला असं मध्येच टाकून यायचं नसतं. आपण न्यायला जातो ना, तर घरी परत आणून सोडेपर्यंत आपली जबाबदारी. कुठंही गेलं तरी. आईला आणल्याशिवाय तोंड दाखवू नका."

"घरी परत आणून सोडायचं," बाळकोबा पुटपुटला. "आता नाही विसरत." तो धावत गेला आणि म्हातारीला हाताला धरून घेऊन आला. वाटेत ती काही बोलली नाही. जावयाला बोलायचं नाही, हा तिचा नेम होता.

दुपारी गिरणी धुऊनपुसून लख्ख केली. म्हातारी नवं लुगडं नेसून खुर्चीत बसली, मांडीवर गंगेसाठी नारळ. मागे राऊतकाकू आणि इथली निम्मी आळी. बाळकोबानं जॉयस्टिकला एक फुंकर मारली. विमान पुण्याहून उडालं.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी बाळकोबानं विमान झकास चालवलं. ते कललं नाही, खोकलं नाही. ढग आले, गेले. आळीनं दोन तासांत चिवड्याचे दोन डबे संपवले. मग खाली एक लांबलचक पाण्याची रेघ दिसली, वाकडी होऊन गेलेली.

"आत्याबाई, ती बघा गंगा."

म्हातारीनं हात जोडले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही. "आली रे बाबा," ती म्हणाली, "मी आले." इतकं बरं बाळकोबाला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्यानं विमान अलगद काशीच्या धावपट्टीवर टेकवलं. जमीन लागली. त्यानं हात काढला.

आणि लाईट गेली.

पडदा काळा झाला. बाळकोबानं पडद्यावर फुंकर मारली. बटण बंद केलं, दहा मोजले, चालू केलं. काही नाही. आळीनं म्हातारीला नमस्कार केला आणि प्रसादाचा नारळ फोडायला सगळी मंडळी तिला घेऊन घरात गेली.

बाळकोबानं मागे वळूनही पाहिलं नाही, तो एकटाच काळ्या पडद्यासमोर बसून राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. माणसाला मध्येच टाकून यायचं नसतं. घरी परत आणून सोडेपर्यंत आपली जबाबदारी. आणि लाईट, तारेवर फांदी पडल्यामुळे, उद्यापर्यंत येणार नव्हती. तो उठला. चार दशम्या फडक्यात बांधल्या, गिरणीला कुलूप घातलं आणि निघाला.

एसटी स्टँडवर गाडी सुटायच्या बेतात होती. बाळकोबानं कंडक्टरला गाठलं.

"मास्तर, काशी. एक जायचं, दोन यायची."

"गाडी तालुक्यापर्यंतच जाते," कंडक्टर म्हणाला. "आणि येताना दुसरं कोण?"

"आमच्या सासूबाई. दुपारी मीच सोडलं त्यांना तिथं. आता लाईट नाही, अडकून पडल्यात बिचाऱ्या. नवी जागा, गुडघे दुखतात, ओळखीचं कोणी नाही." बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मागून कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारी होती. काठी टेकत, धापा टाकत आली होती, हातात खोबऱ्याची वाटी.

"जावईबापू," ती म्हणाली, "घरी चला."

बाळकोबानं तिला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. मग सुटकेचा श्वास सोडला आणि कंडक्टरकडे वळला.

"तिकिटं राहू द्या, मास्तर," तो म्हणाला. "लाईट आलेली दिसतेय."