चहाडी न करणारी शाळा

फार पूर्वी वेणुमती नगरीवर अरिंदम राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व एका साध्या घरात जन्मले आणि मोठे झाल्यावर लहान मुलांचे आचार्य झाले. त्यांचे नाव भद्रक. वेशीजवळच्या वडाखाली त्यांची शाळा भरे. अक्षरे आणि पाढे तर ते शिकवीतच. पण जेवणाआधी हात धुवावेत, नखे वाढू देऊ नयेत, रडणाऱ्याजवळ जाऊन बसावे, हेही शिकवीत. लोक थट्टा करीत, की आचार्य नाक पुसायची विद्या देतात. आचार्य हसून घेत.

एक गोष्ट मात्र त्यांच्या सहनशक्तीबाहेरची होती. दिवसभर मुले गाऱ्हाणी घेऊन येत. याने मला ढकलले, तिने माझी बोरे खाल्ली. बोधिसत्त्व झाले तरी कान दोनच. वैतागून त्यांनी एके दिवशी नियम केला, की या शाळेत चहाडी करायची नाही. जो करील त्याला त्या दिवशी गोष्ट ऐकायला मिळणार नाही. गोष्टींवर मुलांचा फार जीव. शाळा कशी शांत झाली.

त्या शांततेची कीर्ती राजवाड्यापर्यंत पोचली. दरबारात एकमेकांविरुद्ध कान भरण्यावरच अर्ध्या लोकांचे पोट चाले, आणि राजा त्याला विटला होता. राजपुत्राला याच आचार्यांच्या हाती द्यावे असे ठरवून त्याने अमात्य वसुभूतीला शाळा पाहायला पाठवले. अमात्य मुलांमध्ये बसला आणि खूश झाला. भद्रकांनाही मनातून गुदगुल्या झाल्याच.

तेवढ्यात राजाच्या बागेतली माळीण कालिका धापा टाकत आली आणि तिने दोघांना बाजूला घेतले. ऊस खाणाऱ्या कोल्ह्यांसाठी तिने कुंपणालगत बचनागाचे विष घातलेले गुळाचे लाडू ठेवले होते. त्यातला एक लाडू नाहीसा झाला होता आणि शेजारच्या ओल्या मातीत लहान मुलाचे पाऊल उमटले होते. राजवैद्याने औषध तयार ठेवले आहे, पण ते लवकर पोटात गेले नाही तर उपयोग व्हायचा नाही, एवढे तिने सांगितले.

आचार्यांनी मुलांवरून नजर फिरवली. सोमिलची जागा रिकामी होती. हा कुंभाराचा मुलगा सकाळी आला होता, पण न्याहारीला गेला तो परतलाच नव्हता, आणि पाहुण्याच्या नादात हे आचार्यांच्या लक्षातही आले नव्हते.

मुले घाबरतील म्हणून त्यांनी विषाचे नाव काढले नाही. सोमिल कुठे आहे, एवढेच विचारले. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कुणालाही शिक्षा होणार नाही, सोमिललाही नाही, राजापुढे मी उभा राहीन, असे ते म्हणाले. तरी कुणी बोलेना. मुलांना ठाऊक आहे हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. अमात्याने आपल्यासोबतच्या शिपायाला छडी काढायची खूण केली. आचार्यांनी शिपायाचा हात धरला. माळीण हाका मारत नदीकडे धावली. वेळ चालला होता.

वासुला नावाची मुलगी ओठ घट्ट मिटून गवत उपटत होती. आचार्य तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

"तुला माहीत आहे ना, बाळ?"

तिने होकाराची मान हलवली.

"मग सांग."

"चहाडी होईल, गुरुजी."

मुले आचार्यांचेच ऐकत होती. त्यांनी शिकवलेला धडा ती मन लावून पाळत होती.

अमात्य त्यांच्या कानाशी लागला. राजाज्ञेने आजच्यापुरता नियम उठवला म्हणा, तो म्हणाला. मुलगाही सापडेल आणि शाळेचे नावही राहील. राजाला हवी आहे ती हीच शाळा, हे विसरू नका. आचार्यांना मोह झालाच नाही असे नाही. पण आजच्यापुरते म्हटले, तर उद्या आणखी एखादे मूल असेच ओठ मिटून बसेल, हे त्यांना स्वच्छ दिसले. ते सगळ्यांसमोर उभे राहिले.

"मुलांनो, सोमिलने खाल्लेल्या लाडवात विष होतं. त्याला औषध मिळालं नाही तर तो मरेल. आणि मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. तुमच्या गाऱ्हाण्यांचा मला कंटाळा आला होता, म्हणून मी तुमची तोंडं बंद केली. कुणाला मार बसावा म्हणून सांगणं, ती चहाडी. कुणाला इजा होऊ नये म्हणून सांगणं, ती चहाडी नाही. ते तुम्ही सांगायलाच हवं आणि मी ऐकायलाच हवं."

मग वासुला हुंदका देत म्हणाली, "भट्टीमागच्या मोठ्या रांजणात लपलाय. ओठ बधिर झालेत म्हणत होता."

आचार्य जिवाच्या आकांताने धावले. रांजणाच्या तळाशी सोमिल मुटकुळे करून पडला होता. त्याचे हातपाय गार होते आणि जीभ जड झाली होती. त्याला खांद्यावर टाकून त्यांनी वैद्याचे घर गाठले. वैद्याने औषध पाजले आणि आता वाट पाहायची, एवढेच म्हणाला. आचार्य मुलाचे तळपाय चोळत बसले. त्याचा श्वास मध्येच अडके, तेव्हा त्यांचाही अडके. अखेर सोमिलला भडभडून उलटी झाली. तो ग्लानीत पडून राहिला, आणि दिवेलागणीला त्याने डोळे उघडून आईला हाक मारली. आचार्य भिंतीला टेकून रडले.

ते बाहेर आले तेव्हा अंगणात सगळी शाळा उभी होती. अमात्यही होता. जिथे कुणी कुणाची चहाडी करत नाही अशी शाळा राजाला हवी आहे, असे त्याने पुन्हा बजावले. ती शाळा आज दुपारी बंद झाली, असे आचार्यांनी शांतपणे सांगितले. अमात्य रथात बसून निघून गेला.

मग एका लहानग्याने त्यांचे उपरणे ओढले आणि हे सांगितले तर चालेल का, असे विचारले. त्याचा काका त्याला धान्याच्या कणगीत कोंडून ठेवत असे. दुसरा म्हणाला, घाटाची पायरी निखळली आहे आणि धाकटी मुले तिथूनच पाणी भरतात. एका मुलीचा हात वाटेवरचा एक माणूस रोज धरत होता आणि तिला ते नको होते. ज्या शांततेचे सगळ्या नगरीला कौतुक होते, तिच्या पोटात इतके दिवस हे होते. आचार्य तिथेच मातीत मांडी घालून बसले आणि एकेकाचे ऐकू लागले.

विहारात ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जन्मांची जोड लावली. ते म्हणाले: त्या वेळचा सोमिल म्हणजे परवा तापाने फणफणलेला आपला श्रामणेर, तो नवशिका छोटा भिक्षू. वासुला म्हणजे त्याच्या तापाची बातमी मला आणून देणारी भिक्षुणी. वैद्य तो माझा शिष्य आनंद. अमात्य म्हणजे विहाराचे नाव जाईल म्हणून तो ताप लपवू पाहणारा भिक्षू. तो आत्ता मागे बसून ऐकतो आहे. आणि मुलांची तोंडे आधी बंद करणारा, मग स्वतःची चूक त्यांच्यासमोर बोलून ती उघडणारा आचार्य भद्रक, तो मीच होतो. यालाच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात.