चंद्रीचा आवाज

घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक हौशी आजोबा राहत होते. त्यांच्याकडे शर्यतीची एक जुनी लाल मोटार होती. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं चंद्री. तिच्या इंजिनाला परक्याचा हात लागलेला त्यांना मुळीच खपत नसे.

दर वर्षी देवीच्या उत्सवात गावातल्या गाड्या घाट चढून देवळापर्यंत शर्यत लावत. नवऱ्याने गाडी चालवायची, बायकोने शेजारी बसायचं, अशी तिथली रीत. पहिल्या येणाऱ्या जोडीला आरतीचा मान मिळे. तो मान आजींना एकदा तरी मिळवून द्यावा, ही आजोबांची फार दिवसांची इच्छा.

त्या वर्षी चंद्रीचा आवाज त्यांना मवाळ वाटू लागला. "दम कमी पडतोय हिचा," असं म्हणत ते रोज इंजिनाचा स्क्रू पिळून आत जाणारं पेट्रोल वाढवत राहिले. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, तरी आजोबांचं समाधान होईना.

आजी म्हणाल्या, "अहो, वेशीजवळच्या गॅरेजातली मुलगी यंत्र लावून इंजिन जुळवून देते म्हणे. एकदा दाखवा तरी."

"मला माझ्या चंद्रीची नाडी कळत नाही होय? जन्मभर ऐकतोय मी तिला!"

नवऱ्याचा हट्ट आजींना काही नवा नव्हता.

शर्यत सुटली. चंद्री गरजत निघाली, पण चढ लागताच काळा धूर ओकू लागली आणि खोकून खोकून बंद पडली. बाकीच्या गाड्या पुढे निघून गेल्या. आजींनी हौसेने आणलेलं आरतीचं तबक मांडीवर तसंच राहिलं.

आजोबांचे डोळे भरून आले. "संपली गं माझी चंद्री. आता भंगारातच जायची."

"आधी त्या मुलीला दाखवू, मग रडा," आजी म्हणाल्या.

गॅरेजातल्या मुलीने चंद्रीची चाकं फिरत्या रुळांवर चढवली. यंत्राच्या काट्यांवर नजर ठेवून तिने पेट्रोल हळूहळू कमी केलं, काजळी धरलेले प्लग पुसले. मग म्हणाली, "काका, इंजिन ठणठणीत आहे. पेट्रोल जास्त झालं म्हणून गुदमरलं बिचारं. एवढं कशाला वाढवलंत?"

"अगं, आवाजच येईना तिचा!"

मुलीने आजींकडे पाहिलं. आजी हळूच म्हणाल्या, "हल्ली मी दारातून हाक मारली, तरी यांना ऐकू येत नाही."

आजोबा ओशाळले. पण चंद्री वाचली याचाच आनंद इतका मोठा होता, की ते पोट धरून हसत सुटले.

घरी जायला निघताना त्यांनी विचारलं, "अगं, चालू आहे ना गाडी?"

"चालू आहे हो. झकास गुणगुणतेय."

आजोबांना ती गुणगुण काही ऐकू आली नाही. बायकोच्या शब्दावर विसंबून त्यांनी गिअर बदलला, आणि चंद्री सुरेख पळू लागली.

तात्पर्य: जिथे आपला फार जीव जडलेला असतो, तिथे आपलाच अंदाज चुकू शकतो, अशा वेळी जाणत्याला विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.