टाह्याचा ओढा

मुरबीच्या खिंडीखाली, कुंभारवाडी आणि धनगरवाडी यांच्या मधून जो ओढा वाहतो, त्याला टाह्याचा ओढा म्हणतात. नाव ऐकून परका माणूस चपापतो. इथे कुणी बुडालं असावं, असं त्याला वाटतं. तसं काही नाही, असं वाडीतले म्हातारे लगेच सांगतात.

फार मागे या दोन वाड्यांत वैर पडलं होतं. कुंभार काठची माती खणत, पाणी गढूळ होई आणि ते पिऊन खाली धनगरांची मेंढरं आजारी पडत. डोकी फुटली. शेवटी दोन्हीकडच्या थोरांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली, की पलीकडच्या काठाला पाऊल लावायचं नाही. त्यात धनगरवाडीची सुईण ठकूबाईही होती. आसपास सुईण तेवढी एकच.

पुढे सोमा कुंभाराची सून जनी अडली. दोन दिवस झाले तरी सुटका होईना. सोमा काठावर येऊन हात जोडून ओरडला, "ठकूबाय, सून चालली गं हातातनं!"

ठकूबाई धावत आली आणि पाण्याशी थांबली. शपथ मोडली तर वाडीवर काय कोसळेल, या धास्तीने तिचा पाय उचलेना. जनीचं कण्हणं तर इथवर ऐकू येत होतं. मग म्हणे तिने लुगडं खोचलं आणि ओढ्यात शिरून ती मधल्या कातळावर चढली.

"पलीकडं येणार न्हाई, एवढंच बोललेय मी. तिला हितं आणा!"

कुंभारांनी जनीला बाजेसकट आणलं. आडोसा नव्हता. तेव्हा धनगरणी न बोलावता पाण्यात उतरल्या आणि घोंगड्या धरून भोवती उभ्या राहिल्या.

मूल आलं ते निपचित. ठकूबाईने ओढ्याचं पाणी त्याच्या अंगावर शिंपडलं. पुन्हा शिंपडलं. तिसऱ्या खेपेला त्याने असा टाहो फोडला, की दोन्ही काठ दणाणले. ठकूबाईने ते जनीच्या कुशीत दिलं.

"उद्यापासनं माती माळावरची काढू," सोमा म्हणाला. धनगरांचा म्होरक्या बिरोजी तसाच वाडीत गेला. त्याने शपथेचा भंडारा आणून ओढ्यात सोडला.

आजही दोन्ही वाड्यांत मूल झालं, की बाराव्या दिवशी त्याला कातळावर आणतात. नाव ठेवायचा मान पलीकडच्या वाडीचा. आधी त्याच्या अंगावर पाण्याचे थेंब उडवतात, आणि ते रडायला लागलं की दोन्ही काठांवरची माणसं खळखळून हसतात.