बाभळीच्या मुळाशी शेवाळ

फार पूर्वी, एका उजाड माळावर एकच बाभूळ उरली होती. तिचं बी रुजायचं आणि वारा मातीसकट रोप उडवून न्यायचा. एका श्रावणात तिच्या मुळाशी शेवाळ आलं.

"मावशी, मी माती धरून ठेवीन," ते बाभळीला म्हणालं. " मग तुझं रोप टिकेल. फक्त शेळ्यांच्या खुरांपासून मला सांभाळ."

बाभळीने काटेरी फांद्या खाली वाकवून कुंपण केलं. शेवाळाखाली माती हळूहळू घट्ट बसली.

उन्हाळ्यात शेवाळ काळं पडलं. बाभळीने हाका मारल्या, पण उत्तर आलं नाही. इतकी रोपं गेलेली पाहिल्यावर तिला, शेवाळ मेलं, याशिवाय दुसरं काही सुचलंच नाही. तिने फांद्या उचलून घेतल्या.

"काय गं, आज पहारा उठवलास?" कळपातल्या एका शेळीने विचारलं.

"ज्याच्यासाठी होता, ते गेलं. बसा आता सावलीला."

कळपाच्या खुरांनी सगळा थर फुटला, आणि वाऱ्याने माती नेली.

मग एका पहाटे दव पडलं. बुंध्याशी उरलेला तळहाताएवढा तुकडा हिरवा झाला.

"मावशी, पाणी नसलं की मला अशीच झोप लागते," तो म्हणाला. "बाकीचे कुठे गेले?"

बाभळीने आपल्या सगळ्या फांद्या त्या तुकड्यावर वाकवल्या.