कबरीच्या तीन अटी

एका राज्यात एक राजवाडा होता, आणि त्या राजवाड्यातल्या दोन मुलांना कोणी हात लावीत नसे. थोरली राजकन्या इंदुला, धाकटा राजपुत्र नीलध्वज. राणी कुमुदवती त्यांना लांब दांड्याच्या पळीने भरवी. इंदुलेची वेणी घालायची तर फणी काठीला बांधावी लागे.

कारण असे झाले. राजा अरिंजयाने धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाला जिंकले आणि त्याचा खजिना लुटला. मांत्रिक म्हणाला, "सगळं ने. एवढी रत्नांची बाहुली ठेव. माझ्या मेलेल्या लेकीची आहे." राजाने तीही हिसकावून घेतली. तेव्हा मांत्रिक म्हणाला, "तुझी मुलं ज्या जिवाला स्पर्श करतील, तो जीव दगड होईल." त्याच संध्याकाळी बागेतली एक खार दगडाची झाली, मग गोठ्यातले वासरू झाले, मग दाईने झटकन हात मागे घेतला म्हणून तिची नुसती करंगळी झाली. राजाने धावतपळत बाहुली परत नेऊन दिली. पण शाप म्हणजे काही बाहुली नव्हे, तो परत घेता येईना. मरता मरता मांत्रिकाने उःशाप तेवढा दिला: "माणसाने दगा दिलेलं एखादं जनावर आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने, या मुलांपैकी एकाच्या मांडीवर येऊन बसेल, तेव्हा सुटका."

राणीला रात्रंदिवस एकच घोर होता. मुले वाढत होती. कडेवर घ्यायचे वय निघून चालले होते.

राजाने आधी मांजराचे एक गोंडस पिल्लू आणवले. ते तुरुतुरु धावत नीलध्वजाच्या मांडीवर चढले, आणि चढल्या जागी दगड झाले.

"होणारच," राणीची साळुंकी म्हणाली. ही साळुंकी बोलकी होती, आणि बोलक्यांना असते तसे तिला प्रत्येक गोष्टीत मत होते. "पिल्लाला कोणी दगा दिलाय? ते तर कोणाच्याही मांडीवर चढतं. हवं ते मोठं, पोळलेलं मांजर. मला मांजरांविषयी विचारू नका. पण विचारलंच आहे म्हणून सांगते."

कोणीही विचारले नव्हते.

"नदीपलीकडे शेवंताक्का नावाची चेटकीण आहे. लोकांनी टाकलेली मांजरं ती सांभाळते. आता, ही शेवंताक्का धूम्रकेशाची सख्खी बहीण. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

राणी म्हणाली, "वैऱ्याच्या बहिणीचं मांजर माझ्या मुलांजवळ? शक्य नाही." पण राजा मुकाट्याने नदी ओलांडून गेला.

शेवंताक्का दारातच उभी राहिली. तिने राजाला आत ये म्हटले नाही.

"एक मांजर हवं, अक्का."

"कशाला?"

"मुलांसाठी."

"मुलांसाठी म्हणून नेतात, महाराज, आणि मुलांपायी म्हणून टाकतात. ही कबरी बघा. सावकाराच्या घरी वाढली. सुनेला बाळ झालं, तशी हिला पोत्यात घालून नदीपार सोडली. पाळण्याखाली झोपायची, एवढाच हिचा गुन्हा."

कबरी चुलीमागून राजाकडे बघत होती. अंगावर काळे-तांबडे ठिपके, एक कान फाटका, आणि डोळ्यांत जकात नाक्यावरच्या माणसाचा संशय.

"तुम्ही माझ्या भावाला बुडवलंत," शेवंताक्का म्हणाली, "म्हणून तुमच्यावर माझा विश्वास नाही. पण मुलांनी काय केलंय? कबरीला न्या. तीन अटी आहेत. पहिली, तिला एक कोपरा द्या, तिथे तुम्हीसुद्धा पाऊल टाकायचं नाही. दुसरी, तिला कोणी उचलायचं नाही आणि बोलवायचंही नाही. तिसरी, ती कधीच मांडीवर आली नाही, तुमच्या उपयोगी पडली नाही, तरी मरेपर्यंत ती तुमच्याच घरी राहील."

"कबूल," राजा म्हणाला. राजे लोक कबूल फार लवकर होतात.

त्या राज्यात एक रीत होती. घरात कोणीही नवे आले, सून असो की सेवक, त्याला दिव्याने ओवाळायचे, नगारा वाजवायचा, आणि त्याने उंबऱ्यावरचे तांदळाचे माप ओलांडून आत यायचे. वैऱ्याकडची असली तरी पाहुणीच, म्हणून राणी नाइलाजाने तबक घेऊन उभी राहिली. टोपलीचे झाकण उघडले. ज्योत नाकाशी आली, नगारा धडाडला, आणि कबरीने माप ओलांडले ते थेट राणीच्या खांद्यावरून. तबक पडले, तांदूळ उधळले. नीलध्वज आनंदाने ओरडत मागे धावला आणि त्याने तिची शेपटी धरली.

कबरीने हिसका देऊन ती सोडवली, तोवर शेपटीचे टोक दगडाचे झाले. कबरी कोठीघरात शिरली आणि मोठ्या कणगीमागे दिसेनाशी झाली.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न इतर राज्यांत अजून सुटलेला नाही. इथे तो सुटला, पण शेपटीकडून. कबरी चालली की फरशीवर टोक, टोक, टोक असा आवाज येई. साळुंकीला फार बरे वाटले.

पुढचे दिवस संशयाचे गेले. राजाने शब्द पाळला, धान्य दुसऱ्या कोठीतून आणायला सांगितले आणि कबरीच्या कोठीचा उंबरा स्वतःही ओलांडला नाही. पण कबरी ठेवलेल्या दुधाकडे विष घातल्यासारखी बघे आणि सगळे निजले की मगच पिई. इकडे राणी कबरीकडे विष घातल्यासारखी बघे. गाय आटली, कबरीमुळे. राणीच्या हातातली बांगडी पिचली, कबरीमुळे. प्रधानाला शिंका येऊ लागल्या, त्याही कबरीमुळे.

"आज ती दारापर्यंत आली होती," साळुंकी चुगली करी. "मुलांना न्याहाळत होती. न्याहाळून काय करणार ते मला विचारू नका."

मुले मात्र रोज कोठीच्या उंबऱ्याबाहेर बसत. इंदुलेने युक्ती काढली होती. "हात मांड्यांखाली घाल," ती भावाला म्हणे, "आणि हातांवर बस. म्हणजे चुकून पण पुढे जाणार नाहीत." मग दोघे हातांवर बसून आपापसात गप्पा मारीत. कबरीला कोणी बोलवीत नसे. फक्त एकदा नीलध्वज कणगीकडे न बघता म्हणाला, "मला शेपटी आवडली म्हणून धरली. झोपताना तिला तो दगड टोचत असेल ना गं, ताई?"

कणगीमागून दोन डोळे दिसले आणि पुन्हा गेले.

पण एका सकाळी राणी आली, तेव्हा कबरी उंबऱ्यावर होती आणि नीलध्वजाच्या पायाचा अंगठा हुंगत होती. वैऱ्याच्या घरचे जनावर, आणि तिचा चार वर्षांचा मुलगा! तिने पहारेकऱ्याला हाक मारली. "पोतं आण. हिला नदीपार सोडून ये."

पोते दिसताच कबरीचे अंग फुलून दुप्पट झाले. ती पोते ओळखत होती. मागे कणगी होती, पुढे पहारेकरी, आणि बाजूला उघडी खिडकी. एका उडीत ती जन्माची मोकळी झाली असती.

इंदुला उठून पहारेकऱ्यासमोर उभी राहिली. हात पाठीमागे घट्ट धरलेले. "आई, तिसरी अट आहे."

"अट चेटकिणीची आहे, इंदुले. बाजूला हो."

"ती उपयोगी नाही म्हणून टाकायची?"

"तिचा धोका आहे, बाळा."

"मग मलाही पोत्यात घाल," इंदुला म्हणाली. "माझा तर जास्त धोका आहे. मला हात लावायला तू पण भितेस."

राणी पहारेकऱ्याजवळ गेली, तिने पोते काढून घेतले आणि खिडकीबाहेर टाकून दिले. मग ती तिथेच, उंबऱ्यापाशी, खाली बसली. "राहू दे तिला," ती म्हणाली. "नाही आली तर नाही आली. राहू दे." आणि इतकी वर्षे पळीच्या दुसऱ्या टोकाला राहून साठलेले सगळे रडू तिला एकदम आले.

कोणी हलले नाही. कबरीने खिडकीकडे पाहिले, राणीकडे पाहिले. तिचे अंग हळूहळू बसले. मग टोक, टोक, टोक करीत ती इंदुलेला वळसा घालून, ज्याने तिची शेपटी धरली होती त्याच्यापाशी गेली. त्याचा गुडघा हुंगला. तिला घाई नव्हती. मग ती नीलध्वजाच्या मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि बसली.

ती दगड झाली नाही. तिच्या पोटातून जात्यासारखी घरघर येऊ लागली.

"शेपटी अजून दगडाचीच आहे!" साळुंकी किंचाळली. "राणीसाहेब, ही फसवणूक आहे! हात लावू नका!"

ते खरे होते. शेपटीचे टोक तसेच दगडाचे होते.

नीलध्वज हातांवरच बसलेला होता. त्याने हळूच विचारले, "आई, आता हात काढू?"

राणीने शेपटीकडे पाहिले. संशय तिच्याही मनात होता. ती पुढे सरकली आणि तिने स्वतःच त्याच्या मांडीखाली हात घालून त्याचे दोन्ही हात बाहेर ओढले आणि आपल्या गालांना लावले.

हात गरम होते.

"मुंग्या आल्यात," नीलध्वज म्हणाला.

बाहेर गोठ्यात वासरू हंबरले. अंगणात एक पिल्लू म्याव म्याव करीत धावत सुटले. दाईने करंगळी हलवून पाहिली आणि मोठ्याने देवाचे नाव घेतले. एवढा गोंधळ कबरीला मानवला नाही. ती उठली आणि कणगीमागे निघून गेली. या वेळी तिच्या पावलांबरोबर कसलाच आवाज आला नाही. "ती कुठे आहे ते आता मला कसं कळणार?" साळुंकी म्हणाली, पण कोणी लक्ष दिले नाही.

राजाने धूम्रकेशाचा सारा खजिना शेवंताक्काला परत केला. तिने तो नीट तपासून घेतला, कारण तिचा अजूनही राजावर विश्वास नव्हता. जसे कबरीला तिचे घर मिळाले, तसे टाकलेल्या प्रत्येक जिवाला मिळो.

आणि त्या सकाळी राणीने इंदुलेला उचलले. पोर आता चांगली उंच झाली होती, तिचे पाय आईच्या गुडघ्यांखाली लोंबत होते. "आई, मी जड आहे, खाली ठेव," ती म्हणाली. राणीने ठेवले नाही. ती तिला कडेवर घेऊन राजवाडाभर फिरत राहिली.