सिसिलच्या लग्नाचं पाणी

भाविकहो, त्या वर्षी लोरेन्सबाबांचा मुक्काम चिंचखारला होता. वसईच्या पट्ट्यातलं, खाडीला खेटून असलेलं हे गाव. केळीच्या बागा, पानवेली, मोगरा आणि मधोमध पांढरंशुभ्र चर्च. बाबा तिथले धर्मगुरू. अंगाने किरकोळ, झग्याला ठिगळं आणि स्वभाव असा, की गोड बोलून काम झालं तर ठीक, नाहीतर सरळ भांडायचे. माणसांशी भांडायचे तसेच देवाशीही. संत म्हटला की लोकांना डोळे मिटून बसलेला मवाळ माणूस हवा असतो. आमचे बाबा तसे नव्हते आणि मी म्हणतो, नव्हते तेच बरं झालं!

दर गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये पाचारणासाठी प्रार्थना व्हायची. प्रभूने आमच्यातून धर्मगुरू बोलवावेत, धर्मभगिनी बोलवाव्यात, त्याचा मळा कामकऱ्यांवाचून ओस पडू नये. ही प्रार्थना सांगायचे चर्चचे कारभारी कैतान तुस्कानो. गावातली सगळ्यांत मोठी बाग त्यांची, गोड्या पाण्याच्या विहिरी त्यांच्या आणि त्यांच्या भावकीच्या. आवाज खणखणीत. कैतान प्रार्थनेला उभे राहिले की गावाला वाटायचं, आता स्वर्गात कोणी झोपलं असेल तर जागं होणार.

आणि एके दिवशी प्रार्थना ऐकली गेली. पण कुणाच्या घरी? गावाच्या टोकाला, खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या, बांधाजवळ राहणाऱ्या रेमेत रुमावच्या घरी. रेमेत विधवा. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजार करायची. तिची एकुलती एक मुलगी सिसिल. लग्नाचं वय झालेलं, दोन चांगली स्थळं सांगून आलेली. त्या सिसिलने आईला सांगितलं, "आये, मी मठात जाते. मला प्रभू बोलावतोय."

रेमेत रडली. कोणती आई रडणार नाही? म्हातारपणाचा एवढाच आधार तिला. दोन दिवस ती मुलीशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी डोळे पुसून म्हणाली, "जा. पण चोरासारखी नाय जायचं. माझ्या घरातून नवरी निघते तशी निघायचं."

हे ती का म्हणाली, ते सांगायला हवं. त्याआधी गावातून एकच मुलगी मठात गेली होती आणि घरच्यांनी तिला पहाटे, कुणाला न सांगता पोहोचवलं होतं. वर दार लावून सुतक असल्यासारखे बसले होते. पुढे कित्येक वर्षं एकाही मुलीने मठाचं नाव काढलं नाही. रेमेतच्या मनात ते सलत होतं.

आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. बायका नटूनथटून, गाणी म्हणत, घुमट हे मातीचं वाद्य वाजवत विहिरीवर जातात, घागर भरतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. चिंचखारची रीत अशी, की विहिरीवरच पहिली ओंजळ नवरीने प्यायची. म्हणून पाणी गोडंच हवं असायचं आणि म्हणूनच गावातल्या प्रत्येक लग्नाचं पाणी कैतानच्या विहिरीचं असायचं.

तर पुढच्या गुरुवारी प्रार्थना संपली आणि रेमेत भर चर्चच्या अंगणात उभी राहिली. "शनवारी माझ्या सिसिलचं उंबराचं पाणी हाय. सगळ्यांनी यायचं!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग कैतान हसले आणि ते हसले म्हणून सगळे हसले.

"लगीन कुणाशी गो रेमेत? नवरा कुठं हाय?"

"ज्याची तुमी आत्ता प्रार्थना केली, तोच नवरा."

"मांडव नाय, वऱ्हाड नाय, जेवणावळ नाय आणि उंबराचं पाणी!" कैतानचा चेहरा आता बदलला. "आमच्या वाडवडलांची रीत ही. तिचा खेळ करायचा नाय. मठात जायचं तर गुपचूप जा. माझ्या विहिरीवर पाऊल टाकायचं नाय, सांगून ठेवतो. भावकीच्या पण नाय."

रेमेतच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण मान खाली गेली नाही. "मग माझ्या विहिरीचं घेईन."

आता तर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. रेमेतच्या परसातली विहीर म्हणजे निव्वळ खाडी. भांडी घासली तर भांड्यांवर पांढरे डाग पडत. तहानलेली म्हैससुद्धा तिथे तोंड लावून मागे फिरायची.

बाबा दारातून हे सगळं ऐकत होते. पुढे येऊन ते रेमेतला एवढंच म्हणाले, "शनिवारी किती वाजता निघायचं?"

"बाबा, तुमीसुद्धा?" कैतान म्हणाले.

बाबा म्हणाले, "कैतान, इतकी वर्षं तुम्ही पाचारणासाठी प्रार्थना सांगता. प्रभूने ती ऐकली. मग राग कशाचा आला तुम्हाला? एक विचारतो. प्रार्थना करताना तुमच्या मनात कधी स्वतःचं घर आलं का? की दर वेळी शेजाऱ्याचंच?"

लोक नजरा चुकवू लागले. कारण बाबांनी विचारलं एकट्या कैतानला, पण उत्तर प्रत्येकाच्या पोटात होतं. आपल्यात असंच तर चालतं! देवा, धर्मगुरू दे, पण आमचा मुलगा नको, त्याला धंदा सांभाळायचाय. धर्मभगिनी दे, पण आमची मुलगी नको, तिचं जमवलंय. कैतान तडक निघून गेले.

शनिवार उजाडला. मे महिन्याचं ऊन, विहिरी तळाला गेलेल्या. रेमेतने सिसिलला लाल लुगडं नेसवलं, केसांत मोगरा माळला. सगळं नवरीसारखं. वऱ्हाड मात्र नव्हतं. कैतानच्या धाकाने वाजंत्री आले नाहीत, शेजारणी दारातून डोकावत राहिल्या. आली ती म्हातारी बेर्जित, जिला आता कुणाचीच भीती उरली नव्हती. आणि आले बाबा, गळ्यात स्वतः घुमट अडकवून!

"बाबा, तुमाला वाजवता येतं?" सिसिलने विचारलं.

"नाही येत. पण थांबतो कोण?" बाबा म्हणाले आणि त्यांनी जो ठेका धरला तो इतका वाईट होता, की सिसिलला हसू फुटलं. दारादारांतल्या बायकाही हसल्या आणि हसता हसता दोघी-तिघी पायरी उतरून मागून चालू लागल्या. मग आणखी काही. बेर्जितने थरथरत्या आवाजात गाणं उचललं. विहिरीपाशी पोचेपर्यंत चांगली मिरवणूक झाली होती.

बांधावर कैतान उभे होते, आपल्या माणसांना घेऊन. तमाशा बघायला आलेले. "पाज, पाज पोरीला खारं पाणी!" ते ओरडले. "जलमभर आठवण राहील."

रेमेतने घागर विहिरीत सोडली. भरून वर काढली. काठावर ठेवली आणि तिचे हात तिथेच थांबले. चव तिला माहीत होती. ज्या दिवशी पोरीचं तोंड गोड करायचं, त्या दिवशी तिच्या ओंजळीत हे ओतायचं? ती बाबांकडे वळली. "बाबा, माझंच चुकलं का हो? पोरीचं हसं केलं का मी?"

बाबांनी गळ्यातलं घुमट काढून खाली ठेवलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते गुडघ्यांवर बसले नाहीत, हातही जोडले नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी वर पाहिलं.

"प्रभो," बाबा म्हणाले, "काना गावच्या लग्नात तू नुसता पाहुणा होतास. तरी तुझ्या आईने शब्द टाकला आणि तू पाण्याचा द्राक्षारस करून यजमानाची लाज राखलीस. इथे तू पाहुणा नाहीस. इथे नवरा तू आहेस! ही विधवा तुला आपली एकुलती एक लेक देते आहे. तुझ्या लग्नाला तूच पाणी पुरवायचं नाही, तर कोणी पुरवायचं? सासरचा माणूस म्हणून तुला काही वाटतं की नाही?"

बायकांनी तोंडावर हात ठेवले. देवाशी असं कुणी बोलतं?

"घे सिसिल," बाबा म्हणाले. "ओंजळ धर."

सिसिलने ओंजळ धरली. रेमेतने डोळे मिटून घागर कलती केली. सिसिलने एक घोट घेतला. थांबली. मग सगळी ओंजळ पिऊन टाकली आणि पुन्हा हात पुढे केले.

"आये, आणखी दे."

"नको गो, माझं मन राखायला पिऊ नकोस..."

"आये, तू पिऊन बघ!"

रेमेतने ओंजळभर पाणी तोंडाला लावलं. पाणी गोड होतं. थंड आणि गोड! बेर्जित प्यायली, बायका प्यायल्या, एकमेकींच्या अंगावर उडवू लागल्या. कोणी हसत होत्या, कोणी रडत होत्या. त्या प्रभूच्या नावाचा जयजयकार खाडीपलीकडच्या गावात ऐकू गेला असेल.

"घागरीत आधीच गोडं पाणी घातलेलं असणार," असं म्हणत कैतान बांधावरून उतरले. विहिरीत पोहरा त्यांनी स्वतः सोडला, स्वतः ओढला. पोहऱ्यालाच तोंड लावलं. भाविकहो, खारं पाणी कसं लागतं हे खाडीकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. एक घोट, दुसरा घोट. तिसऱ्या घोटानंतर त्यांनी पोहरा खाली ठेवला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते बाबांच्या पायांशी वाकले.

बाबांनी झटकन पाय मागे घेतले. "माझ्यापुढे कशाला? ज्यांना हसलात त्यांच्यापुढे."

एवढा मोठा बागायतदार, पण मुकाट्याने उठला आणि भाजीवालीपुढे गुडघ्यांवर बसला. "रेमेत, माफ कर. आता मी खरं सांगतो." त्यांनी टोपी छातीशी धरली. "माझी पोरगी इसाबेल. गेल्या नाताळात तिने पण मला विचारलं होतं, मठात जाऊ का म्हणून. मी तिच्या थोबाडीत मारली."

रेमेतने त्यांच्या खांद्यावर ओला हात ठेवला. मग कैतान सिसिलकडे वळले आणि जिच्यासाठी त्यांनी विहिरी बंद केल्या होत्या, त्या मुलीपुढे त्यांनी मान लववली.

"नवरीबाय," ते म्हणाले, "तुमी सगळ्या इथंच थांबा. घुमट वाजतं ठेवा. मी घरी जाऊन माझ्या पोरीला घेऊन येतो."